पाहुण्या मॅडम आणि वैशालीची शेड

आमच्या उद्योजिका ग्रुपचे किस्से जमवावे लागत नाहीत. डाळीत सोंडे होतात तसे ते आपोआप होतात. मंचरच्या एका मंगल कार्यालयात आम्ही महिन्यातून एकदा जमतो. माझं नारायणगावला ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, त्यामुळे माणसांची मापं घ्यायचीही सवय लागलीय. हे सगळे किस्से एकाच दिवसाचे, पुण्याहून पाहुण्या मॅडम प्रेरणादायी भाषणाला आल्या त्या दिवसाचे.

* * *

त्या दिवशी खरं तर सगळ्यांना काळजी होती वैशालीची. ती अवसरी बुद्रुकची, बटाट्याचे वेफर्स करते. घरामागच्या शेडमध्ये तिचं मशीन, कढई, सगळा पसारा. आणि सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी, फर्मान काढलेलं की पाडव्याला नवा ट्रॅक्टर येतोय, शेड रिकामी कर.

"मग मी तळू कुठं?" तिनं विचारलं.

"बास झालं आता. हौस फिटली आसंल."

हौस! पहाटे उठून पोत्यानं बटाटे सोलणाऱ्या बाईला हे ऐकवायचं. माझा तर संताप झाला. वैशाली मात्र शांत होती. म्हणाली, "शेड न्हाई सोडणार. कसं ते बघू."

* * *

मॅडम आल्या. जुन्नरच्या ताहेराभाभींची बेकरी आहे, त्यांनी नानकटाईचा डबा पुढे केला.

"मी गोड सोडलंय," मॅडम हसून म्हणाल्या.

"बरं," भाभी म्हणाल्या. "गाडीत ठेवते. खेड घाटापर्यंत लई जणांचं मन बदलतं."

पुढच्या महिन्यात मॅडमच्या ऑफिसातून ऑर्डर आली.

* * *

मग ओळखपरेड. मॅडम म्हणाल्या, माईक घ्या आणि न लाजता आपली ओळख सांगा. पहिला माईक गेला मढच्या शांताबाईंकडे. आता आमच्याकडे बाईच्या हातात माईक येतो तो हळदीकुंकवालाच. शांताबाईंनी पदर सावरला आणि सुरू केलं,

"खाचरात भात, बांधावर तूर हिरवी झाली,
बाळासाहेबांचं नाव घ्यायला मी नाय भ्याली."

टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, "छान. पण तुमचं नाव?"

"ते लगीन झाल्यापासून कुणी इचारलंच न्हाई," शांताबाई म्हणाल्या. मग ताठ उभ्या राहून खणखणीत आवाजात, "शांता. हातसडीचा तांदूळ. घरपोच देते."

त्यांच्यामागून माईक हातात घेतलेल्या एकीनंही नवऱ्याचं नाव घेतलं नाही.

* * *

भाषण झकास चाललं होतं. मधेच मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटा आणि पाच वर्षांनंतरचं तुमचं दुकान डोळ्यांसमोर आणा." आम्ही डोळे मिटले. थोड्या वेळात मागून घोरणं ऐकू आलं. आमच्या ग्रुपमधली खानावळवाली होती. मॅडम जरा गोंधळल्या.

"घोरू द्या," शेजारची म्हणाली. "पाच वर्षांनी कामाला बाई ठेवली आसंल तिनं."

* * *

आभार मानायचं काम वैशालीकडे होतं. तिनं मॅडमचे आभार मानले, कार्यालयवाल्यांचे मानले. आण्णा तिच्या दाराबाहेरच्या वेफर्सच्या स्टॉलचे क्रेट न्यायला जीप घेऊन आलेले, दाराशी चहा पीत उभे होते.

"आता एक सत्कार राहिला," वैशाली म्हणाली. "सुनेच्या धंद्यासाठी आपली शेड कायमची देणारे सासरे आपल्या भागात किती आहेत, मला म्हाईत न्हाई. आमच्या घरात आहेत. आण्णा, तुमी स्टेजवर यावं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी आण्णांच्या हातातला कप काढून घेतला. टोपी सावरत, डावीउजवीकडे बघत ते वर आले. असल्या कार्यक्रमाला एक शाल जादा आणावीच लागते, ऐनवेळी कोण पुढारी टपकेल सांगता येत नाही. ती शाल मॅडमनी स्वतः आण्णांच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला. फोटो निघाले. वैशालीनं पदर घेऊन वाकून नमस्कार केला आणि माईक आण्णांच्या तोंडासमोर धरला.

आण्णांनी सुनेकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या आम्हा सगळ्या बायकांकडे पाहिलं.

"ट्रॅक्टरला काय," आण्णा म्हणाले, "ताडपत्री बी चालती."