मशीनला नजर, गहाण बँकेकडे

“नजर लावायची आसंल तर मशीन परत न्या की, सायेब!” सुनीताताई मशीनसमोर अशा आडव्या उभ्या राहिल्या, की रणगाडासुद्धा माफी मागून मागं फिरला असता.

मी तेव्हा बँकेच्या आजरा शाखेत फील्ड ऑफिसर. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात काजू फोडून ताईंच्या हातांची सालं गेली होती. आता कर्ज काढून त्यांनी स्वतःचं काजू फोडायचं मशीन पडवीत बसवलं होतं. त्यावर मला पत्र्याचा बोर्ड ठोकायचा होता: ‘बँकेकडे नजरगहाण’. म्हणजे वस्तू तुमच्याकडेच, वापरा, कमवा; कर्ज फिटेपर्यंत विकायची तेवढी नाही. साधी गोष्ट. सह्या घेताना नेमकी तीच सांगायची मी विसरलो होतो.

“नव्याकोऱ्या मशीनला नजर? आन् वर गहाण?”

“अहो ताई, बारा वाजता रीजनल मॅनेजर येताहेत. बोर्ड दिसला नाही तर कर्ज रद्द, मशीन परत. पुन्हा त्या कारखान्यात जाणार का?”

ताई मशीनसमोरून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, “ठोका. पर आधी नजर काढायची. नजर बँकेची, तर काढायचीबी बँकंनंच.”

झालं! इन केलेला शर्ट, मुठीत मीठ-मोहऱ्या आणि पाच लाल मिरच्या. मी मशीनवरनं ओवाळतोय आणि शेजारच्या बायका ओरडताहेत, “उजवीकडनं, सायेब! ल्हान प्वार हाय समजा!”

मुठीतलं सगळं निखाऱ्यावर टाकलं आणि रीजनल मॅनेजर साहेब दारात.

“हे काय चाललंय?”

“इन्स्पेक्शन, सर.”

पुढं बोलणं झालंच नाही. धूर असा उठला, की साहेबांचा खोकला पार आजऱ्याच्या शाखेत ऐकू गेला असेल. नजर लागलेली असली की मिरच्यांचा ठसका लागत नाही, असं आमच्याकडं मानतात. इथं तर साहेब भिंत धरून वाकलेले!

“ठसका लागला!” ताईंनी टाळी वाजवली. “न्हाय नजर! ठोका बोर्ड!”

साहेबांनी डोळे पुसत बोर्ड बघितला, रिपोर्टवर सही केली आणि पाणी मागितलं.

ताईंचं मशीन चाललं. पुढं दोन बायका कामाला ठेवल्या. मी रिटायर होऊन शहरात, राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये बसलोय. आता कर्ज मोबाईलवर बसल्याजागी मिळतं. कुणी खोकत नाही, कुणी भांडत नाही, आणि खरं सांगतो, मला करमत नाही.

एवढं मात्र शिकलो: फॉर्मवरच्या शब्दाचा अर्थ सहीच्या आधी सांगावा. नंतर सांगायला गेलं, की वरिष्ठांच्या डोळ्यांत पाणी येतं.