अठरा मैल आणि मातीचा घोडा

उज्जैनला मी गेलो तो महाकालाच्या दर्शनाला नव्हे, पळायला. नागपुरात हे कुणाला पटेना. आई म्हणाली, "एवढ्या मोठ्या तीर्थाला जायचं आणि तिथे जाऊन काय, तर पळायचं?" हेडमास्तरांनी माझ्या रजेच्या अर्जातलं कारण वाचून दोनदा चष्मा पुसला. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. वय सव्वीस. आदल्या हिवाळ्यात गावातली दहा मैलांची शर्यत जिंकलो होतो आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागत नव्हते. तशात उज्जैनहून सुशीलाताईचं पत्र आलं. ही माझी मावसबहीण. तिथे दसरा झाला की अठरा मैलांची शर्यत असते, तुझे भाऊजी दर वर्षी पळतात, तूही ये, असं तिनं लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: "यंदा आलास तरच. पुढच्या वर्षी आम्ही इथे नसू."

राज्यांची नवी वाटणी व्हायची होती ते हे वर्ष. आमचं नागपूर मुंबई राज्यात जाणार, राजधानीचा मान जाणार, म्हणून आमच्या गल्लीत सुतक पाळल्यासारखी तोंडं होती. तिकडे तर मध्यभारत हे अख्खं राज्यच पुसलं जाणार होतं. भोपाळ राजधानी होणार आणि सरकारी कचेऱ्या तिकडे हलणार. भाऊजी अशाच एका कचेरीत हेडक्लार्क होते.

इटारसीला गाडी बदलून, भोपाळ मागे टाकून सकाळी उज्जैनला उतरलो. टांगेवाल्याला माधव नगर सांगितलं. त्यानं माझे कॅनव्हासचे बूट बघितले आणि विचारलं, "दौड़ में आए हो, बाबूजी?" मी ऐटीत हो म्हणालो. "तो फिर तांगे में काय को बैठे हो? घर तो ये रहा!" खरंच, पाच मिनिटांत घर आलं. उज्जैननं केलेली माझी ही पहिली चेष्टा.

घर बैठं, दोन खोल्यांचं, पुढे पेरूचं झाड. फाटकातून रुळांवरचा पूल सरळ दिसायचा. पुलाच्या अलीकडे हे नवं गाव, पलीकडे बाजार, देवळं आणि नदीचं जुनं गाव. दत्तोपंत भाऊजी फाटकातच उभे होते. वय पंचेचाळीसच्या पुढे, उंच, किडकिडीत, पिळदार मिशा. त्यांचे कुणी पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात कारकुनीला आले आणि इथलेच झाले. पुण्याचं तोंडही या माणसानं पाहिलं नव्हतं. मराठी बोलायचे, पण वाक्य कधी हिंदीत शिरेल याचा नेम नसायचा.

"ये रे मधू! सफर कशी झाली? बिल्कुल फिकर करू नको, आज फक्त खायचं आणि पडून राहायचं. उद्या देखा जाएगा."

आणि खाल्लं. सकाळी टॉवर चौकात नेऊन त्यांनी पोहे-जिलबी चारली. पोह्यांवर शेव आणि बडीशेपेची चव, सोबत गरम जिलबी. मी नाक मुरडलं आणि दुसरी बशी मागितली. दुपारी ताईनं दाल-बाफले केले. बाफले म्हणजे कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग भाजायचे आणि तुपात बुडवून ठेवायचे. दोन खाल्ले की माणूस भिंतीला टेकतो. मी पाच खाल्ले. ताई म्हणाली, "अरे, उद्या पळायचंय ना तुला?" मी म्हणालो, "ताई, नागपूरच्या पोटाला काही होत नाही." हे वाक्य पुढे तिनं मला आयुष्यभर ऐकवलं.

जेवताना कळलं, की भाऊजी चार वर्षं ही शर्यत पळत होते आणि एकदाही त्यांनी ती पूर्ण केली नव्हती.

"घर वाटेत पडतं ना," ताई म्हणाली. "सोळा मैल येतात, पुढ्यात पुलाचा चढ दिसतो आणि इकडे फाटक. की वळलेच आत! आणि मीही वेडी, दर वर्षी पाणी तापवून, बाज टाकून वाट बघत बसते."

भाऊजी मिशीत हसले. "यंदा नाही वळणार. यंदा आखरी मौका आहे."

संध्याकाळी ते मला पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराला घेऊन गेले. उज्जैनची एक रीत आहे. वैशाखाच्या रणरणत्या उन्हात इथली माणसं पंचक्रोशीच्या पायी यात्रेला निघतात, तेव्हा आधी या देवाला नारळ देऊन त्याच्याकडून बल मागून घेतात. देवाचं बल घेऊन चालायचं आणि यात्रा संपली की मातीचा घोडा वाहून ते बल परत करायचं. भाऊजींनी हीच रीत शर्यतीला लावली होती.

"पण तुमची शर्यत तर दर वर्षी अपुरी राहते," मी म्हणालो.

"तरी घोडा वाहतोच. घेतलेलं ठेवून नाही घ्यायचं."

मला हसू आलं. माझे पाय माझे, त्यात देवाचा काय संबंध? पण पाहुणा होतो. नारळ वाढवला, डोळे मिटले आणि शर्यतीचा कप मागितला.

शर्यत दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता टॉवर चौकातून सुटली. चाळीसेक जण असू. कुस्तीच्या आखाड्यातली पोरं, दोन पोलीस, एक पोस्टमन, कापडगिरणीतले कामगार. निम्मे अनवाणी. देवास रस्त्यानं आठ मैल जायचं, तिथे चुन्याची रेघ ओलांडून फिरायचं, परत गावात यायचं, पूल चढून जुन्या गावातून रामघाटावर शेवट. भाऊजींनी धोतराचा काचा मारला होता, अंगात बंडी. मी नवी कोरी हाफपँट. आमच्याकडे बघून एक म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ये छोरो तो जाएगो, पण मूँछवालो घरे जाएगो!" (हा पोरगा पोचेल, पण मिशीवाला घरी जाईल.) सगळा चौक हसला. भाऊजीही हसले, पण त्यांचे कान लाल झाले.

पहिले आठ मैल मी काय पळालो म्हणता! माळव्याची ती काळी माती, नुकती नांगरलेली. हवेत गारवा, दुतर्फा चिंचेची झाडं. बैलगाडीवाले गाडी बाजूला घेऊन बघत राहायचे. एका विहिरीवर बायकांनी घागर पुढे केली आणि विचारलं, "कां जई रिया हो?" (कुठे निघालात?) मी म्हटलं, "वापस!" त्या खो खो हसल्या. चुन्याची रेघ ओलांडली तेव्हा माझ्यापुढे फक्त तिघं होते. आजही डोळे मिटले की तो रस्ता दिसतो आणि ती हवा छातीत भरते. इतका हलका मी पुन्हा कधीच झालो नाही.

मग बाफले जागे झाले.

अकराव्या मैलाला कुशीत कळ आली. बाराव्याला पोटात दगड बसला. एकेक जण पुढे जायला लागला. पोस्टमन तर जाताना मला नमस्कार करून गेला. चौदाव्याला मी चालत होतो आणि माधव नगरची घरं दिसायला लागली तेव्हा रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर मटकन बसलो. कप गेला, इज्जत गेली. रडू आलं, खोटं कशाला सांगू.

किती वेळ गेला कोण जाणे. मागून सपक सपक पावलं आली. भाऊजी. मिशा घामानं ओघळलेल्या, पण चाल एकसारखी.

"काय झालं रे?"

"पोट. तुम्ही व्हा पुढे."

ते थांबले. माझ्याकडे बघितलं, मग समोर पुलाकडे. आणि त्यांचा चेहरा एकदम सैलावला. मला ते नीट दिसलं. त्यांना सबब मिळाली होती.

"छे छे! पाहुण्याला रस्त्यावर टाकून जाऊ का? चल घरी. ताईनं पाणी तापवलं असेल."

मलाही तेच हवं होतं. त्यांच्या खांद्यावर हात टाकून मी फाटकापर्यंत आलो. दाराला कुलूप.

भाऊजींनी कुलूप हलवून पाहिलं. शेजारच्या ओट्यावर एक आजीबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "भाभीजी तो घाट पे गई. चाबी बी लई गई. कई गई हे के दोई जणा वठेज आजो." (किल्लीही घेऊन गेली. सांगून गेली, दोघांनी तिथेच यायचं.)

मला हसू फुटलं. पोट दुखत होतं तरी हसलो. भाऊजी हसले नाहीत. ते पायरीवर बसले आणि पेरूच्या झाडाकडे बघत राहिले.

"मधू, पुलाची भीती नाही रे मला," ते म्हणाले. "चार वर्षं थकून वळलो, हे खरं. पण यंदा दम आहे. आज मी पोचेन, मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय! दर वर्षी अपुरी राहते म्हणून पुढच्या वर्षाची वाट बघायला होते. आज पुरी झाली की इथलं काहीच राहिलं नाही. पंधरा दिवसांनी सामान बांधायचं आणि भोपाळ. दोनशे वर्षं आमचं घराणं इथे आहे. मला दुसरं गाव येतच नाही रे." आणि तो मिशीवाला माणूस बंडीच्या टोकानं डोळे पुसायला लागला.

मला सांत्वन करता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. शिवाय पोट दुखत होतं, त्यामुळे चिडलोही होतो. मी उठलो आणि म्हणालो, "भाऊजी, ताई तिथे उन्हात उभी आहे. शर्यत पुरी करा. अपुरं ठेवायचंच असेल तर दुसरं काहीतरी ठेवा."

 भाऊजी उठले, काचा घट्ट केला आणि माझं मनगट धरलं. "चल."

पूल आम्ही चढलो. पळालो असं म्हणणं धाडसाचं होईल, पण चाललोही नाही. खालून एक मालगाडी गेली आणि आम्ही दोघंही धुरात खोकत राहिलो. पुलाच्या माथ्यावर भाऊजी ओरडले, "हे इथपर्यंत कधी आलोच नव्हतो!" रोज याच पुलावरून सायकलनं कचेरीत जाणारा माणूस! पलीकडच्या उतारावर त्यांना पंख फुटले. आता ते पुढे आणि मी फरफटत मागे. बाजारात दुकानं उघडली होती. पेढ्यांचं दुकान, फुलांच्या पाट्या, वाटेत आडव्या बसलेल्या गायी. कुणीतरी ओळखलं आणि आरोळी दिली, "अरे, दत्तू बाबू! आज घर नहीं गए?" मग दुकानादुकानातून लोक बाहेर आले. पहिल्या आलेल्याला इतक्या टाळ्या मिळाल्या नसतील.

रामघाटावर शर्यतीची दोरी केव्हाच सोडली होती. पंच चहा प्यायला गेले होते. घाटावर पंडे, यात्रेकरू, नुकत्याच न्हाऊन ओल्या केसांनी बसलेल्या बायका. आणि शेवटच्या पायरीवर ताई, हातात किल्ली. भाऊजी सगळ्या पायऱ्या उतरून गेले आणि तसेच धोतरासकट शिप्रेत उतरले. ताई मला म्हणाली, "नागपूरच्या पोटाला काही होत नाही ना?" आणि पदरानं आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचे डोळे.

दुपारी आम्ही दोन मातीचे घोडे घेऊन पटनी बाजारात गेलो. वीतभर उंचीचे, गेरूनं रंगवलेले, एकाचा कान जरा वाकडा. मी माझा घोडा देवापुढे ठेवला आणि हात जोडले. यावेळी हसलो नाही. वळून बघतो तो भाऊजींचा, वाकड्या कानाचा घोडा अजून पिशवीतच.

"ठेवा ना."

"नाही."

"अहो, घेतलेलं ठेवून घ्यायचं नाही असं तुम्हीच म्हणालात."

"हौ. पण अपुरं काहीतरी ठेव असं तू म्हणालास ना." त्यांनी पिशवीचं तोंड आवळलं. "आता देव मला भोपाळात किती दिवस ठेवतो, बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला गाडीवर पोचवायला आले. ताईनं वाटेसाठी डबा दिला होता. उघडून बघितलं तर त्यात एकच बाफला, वर तूप. नागपूरला आल्यावर सगळ्यांनी विचारलं, कितवा आलास? मी म्हणायचो, शेवटून पहिला, तेही भाऊजींच्या मागे. राज्यं बदलली, नकाशे बदलले. मी शाळेत पोरांकडून नवे नकाशे रंगवून घेतले आणि भोपाळवर मोठा ठिपका देताना दर वेळी तो वाकड्या कानाचा घोडा आठवायचा.

मध्ये एकदा भोपाळला गेलो होतो. सरकारी क्वार्टरमध्ये कपाटावर घोडा होता. ताई रोज पुसायची. बाकी सामान निम्मं अजून पेट्यांतच. मी म्हटलं, "इतकी वर्षं झाली, पेट्या तरी उघडा." भाऊजी म्हणाले, "कशाला? जायचंय ना."

त्या शर्यतीला अकरा वर्षं झाली असतील. एक दिवस पोस्टकार्ड आलं, वर उज्जैनचा शिक्का. भाऊजींचं बारीक, दफ्तरी अक्षर:

"चि. मधूस आशीर्वाद. पेन्शन झाली. परवा इथे आलो. सामान टांग्यातून उतरायच्या आधी घोडा घेऊन निघालो. पुलावर दोनदा बसलो, वय झालं. पण पोचलो. बल उतरलं. आता कुठे जायचं नाही."

ते कार्ड माझ्याकडे अजून आहे. भाऊजी नाहीत, ताई नाही. माझे गुडघे जिना चढतानाही कुरकुरतात. उज्जैनला जायचं दर वर्षी मनात यायचं. कधी परीक्षा, कधी लग्नकार्य, कधी नुसताच आळस, आणि राहून गेलं ते गेलंच. तिथे अडकलेलं असं माझं काही उरलंच नव्हतं. मी माझा घोडा त्याच दुपारी परत करून मोकळा झालो होतो. तेवढा शहाणपणा करायला नको होता.