न फिरवलेला रोलर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे. तुम्ही दाऊदचाचांना ओळखत नाही, म्हणूनच असेल.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. कुवेतमध्ये फहाहीलच्या अलीकडे, तेलवाल्यांच्या वसाहतीला लागून गोल्फचं मैदान होतं. कोणीही यावं, खेळावं. गोल्फ कसला, गवताचं पातं नाही, नुसती वाळू. चेंडू ज्या खड्ड्यात घालायचा त्याच्याभोवती कच्चं तेल ओतायचं आणि रोलर फिरवून वाळू घट्ट, गुळगुळीत करायची. त्या काळ्या गोलाला साहेबलोक ‘ब्राऊन’ म्हणत. ते काम आम्हा दोघांचं — माझं आणि दाऊदचाचांचं. चाचा आमच्याच गावचे, रत्नागिरीकडचे. त्यांनीच मला तिथे चिकटवलं होतं.

रमजान होता. घशाला कोरड, सूर्य बुडायला आलेला. शेवटचा ब्राऊन माझ्या वाट्याचा. मी तेल ओतलं आणि — रोलर न फिरवताच रोजा सोडायला पळालो. सकाळी लवकर येऊन फिरवू म्हटलं. पहाटे रोज्याआधीची सहरी खाऊन पुन्हा आडवा झालो, तो उठलोच उशिरा. एवढंच. याला आळस म्हणा. पाप पुढे आहे.

सकाळी एक मॅडम त्या तेलावरून घसरली, मनगट मोडलं. साहेब लालबुंद होऊन आमच्याकडे येताना दिसला. चाचांनी मला हळूच विचारलं, "शेवटचा माझ्याकडं होता काय रे?"

चाचा तेव्हा विसरायला लागले होते. टोपी डोक्यावर आणि शोधाशोध खोलीभर — आम्ही पोरं हसायचो. ते मला वाचवायला बघत नव्हते, त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. आणि मी? मी म्हणालो, "तुमच्याकडंच होता, चाचा."

ते पुढे झाले, चूक कबूल केली. नोकरी गेली की तिथे राहता येत नसे. पुढच्या बोटीने त्यांना मुंबईला धाडलं. बंदरावर त्यांची ट्रंक मीच उचलून दिली. तेव्हा तरी सांगता आलं असतं — नाही सांगितलं.

सुट्टीत गावी गेलो तर चाचा कशालाच हात लावेनात. होडीवर जाणं सोडलेलं. चुलीजवळ जायला भ्यायचे. दाराची कडी स्वतः घालायचे आणि चाचीला बघून यायला सांगायचे. थोडंफार विसरणाऱ्या माणसाचं असं होतं का हो? त्यांचा स्वतःवरचा भरवसा मी काढून घेतला होता.

त्यांनी माझा हात धरला. "माझ्यापायी तुला साहेबाचं ऐकून घ्यावं लागलं. माफ कर रे बाबा."

चाची दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. आता तरी बोल — स्वतःलाच म्हणत होतो मी. शब्द तयार होते, अगदी ओठांवर.

"माफ केलं, चाचा," मी म्हणालो.

त्यांना बरं वाटलं. मलाही.