चाकावरचा बाण

टायरच्या धंद्यात टायरपेक्षा किस्सेच जास्त साठतात. टायर निदान कंटेनरमधून निघून जातात. किस्से आपल्याकडेच पडून राहतात. ऐकायला कुणी भेटलं की मी सुटतोच!

आमचं गोडाऊन दुबईत, जबल अली बंदराजवळ. थंड देशांना जाणारे स्नो टायर आमच्याकडे उतरतात. त्यांचं रबर मऊ, आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री, म्हणून त्यांच्या खोलीला एसी! फोर्कलिफ्टवाला बशीर, मूळचा स्वातचा, डबा घेऊन तिथेच बसायचा. एकदा मॅनेजरने पकडलं, तर म्हणतो, "साहब, टायर अकेले थे!"

*

अबू धाबीकडच्या मुसफ्फाच्या एका वर्कशॉपवाल्याने चार स्नो टायर उचलले, तेही वाळवंटात फिरायला! मी समजावलं, तर म्हणे, "हबीबी, बर्फ भी नरम, रेत भी नरम. खलास!"

उन्हाळ्यात टायर पार गुळगुळीत करून आला आणि वॉरंटी मागायला लागला. बशीर शांतपणे म्हणाला, "वॉरंटी है ना. बर्फ लेके आओ."

*

आमची ही वारली, त्याच वर्षी आमचा मुलगा निहार नोकरीसाठी कॅनडाला गेला. दुबईत वाढलेल्या पोराने तिथे घेतली काय, तर जुनी रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडी! सगळा जोर मागच्या चाकांना. बर्फात अशी गाडी मागून नाचते.

"चारही चाकांना स्नो टायर घाल, नुसते मागे नको," मी फोनवर बजावलं.

"बाबा, हॅव यू एव्हर ड्रिव्हन इन स्नो?"

"चोवीस वर्षं विकतोय!"

पण मनात धास्ती बसली ती बसलीच. बर्फ कसा असतो ते बघायला मी दुबईच्या मॉलमधल्या कृत्रिम बर्फात गेलो. भाड्याचं जॅकेट, भाड्याचे बूट, आणि पाचव्या पावलाला आडवा! एका चिमुरडीने हात देऊन उठवलं.

*

बशीरने तोडगा काढला. "डिक्की में रेत की बोरी डालो, पीछे वज़न आएगा."

मी निहारला सांगितलं. तो म्हणाला, "वाळू कुठून आणू?"

"पाठवू का? इथे कमी नाही!"

ही गेल्यानंतर आम्ही दोघं तेव्हा पहिल्यांदा एकत्र हसलो.

*

थंडीच्या आधी निहार स्नो टायर स्वतःच चढवतो. त्यामुळे दर नोव्हेंबरात एका शनिवारी फोन येतो. "बाबा, द ॲरो... विच वे?"

टायरवर बाण असतो. गाडी पुढे जाताना चाक जिकडे फिरतं, तिकडे तो हवा. दर वर्षी मी हे पहिल्यापासून सांगतो. मग नट कसे आवळायचे, थोडं चालवून पुन्हा कसे आवळायचे. तासभर सहज जातो. एरवी त्याचा फोन दोन मिनिटांचा: जेवलात? गोळ्या घेतल्या? बाय! डिस्कव्हरी गार्डन्सच्या माझ्या फ्लॅटमध्ये फार एकटं वाटतं हो. वर्षभर मी त्या एका तासाची वाट बघतो.

*

यंदा ऑक्टोबरमध्ये निहारचा रूममेट पुण्याला जाताना दुबईत उतरला. त्याला घरी जेवायला बोलावलं.

"निहारची गाडी बर्फात नीट चालते ना रे?"

"कुठली गाडी, काका? ती त्याने दोन वर्षांपूर्वीच विकली. आम्ही दोघं ट्रेननेच जातो."

मी त्याला आणखी एक पोळी वाढली.

नोव्हेंबरात शनिवारी फोन वाजला.

"बाबा, द ॲरो... विच वे?"

मी चहाचा कप घेऊन खुर्चीत नीट बसलो.

"आधी सांग, डिक्कीत पोती टाकलीस का?"

"टू बॅग्ज, बाबा."

"शाब्बास. आता पुढचं डावं चाक घे."