पऱ्ह्यांचा ट्रक

मी अहेरीला शिक्षक होतो तेव्हाची गोष्ट. ऑगस्टमध्ये नदी फुगली आणि काठावरचं एक गाव पाण्यात गेलं. माणसं वाचली, आमच्या शाळेच्या वर्गांमध्ये राहिली. चौथ्या दिवशी पाणी ओसरल्यावर ती घरी परतली आणि मागोमाग मदतीचा ट्रक घेऊन मला पाठवण्यात आलं. ट्रकमध्ये ब्लँकेटं, बिस्किटं आणि शहरातून आलेले जुने कपडे होते. त्यात लग्नात घालायचे कोटसुद्धा.

एका म्हाताऱ्या बाईंनी त्यातला एक कोट उलटसुलट करून पाहिला आणि नीट घडी घालून परत ठेवला.

"गुरुजी, पऱ्हे नाई आणले काऊन?"

पऱ्हे म्हणजे भाताची रोपं. नुकतीच झालेली रोवणी पुरात अख्खी वाहून गेली होती. मी म्हणालो, "बाई, मदतीच्या सामानात पऱ्हे नसतात."

"मंग ट्रक रिकामा झाला का मले बसवा. माह्यं माहेर चढावर आहे."

ड्रायव्हर हो म्हणाला. निघालो.

त्यांच्या माहेरी पाणी पोचलं नव्हतं, रोवणी चालू होती. बाई बांधावर उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "आमचा धान गेला." चिखलात वाकलेल्या बाया सरळ झाल्या. त्या वाफ्यांकडे वळल्या आणि रोपं उपटून जुड्या बांधू लागल्या.

मला राहवेना. जुड्या वाहणाऱ्या एका माणसाला मी विचारलं, "भाऊ, तुम्हालाच कमी पडतील ना?"

"पडतीन," तो म्हणाला. "विरळ रोवू."

आणि पुढची जुडी आणायला गेला. स्वतःच्या घरचा वर्षाचा भात तो कमी करत होता, आणि आवाजात त्याचं काही ओझं नव्हतं.

ट्रक हिरवागार भरला. वर पंधरा-वीस माणसंही चढली, रोवायला. बाईंच्या गावी परतून दोन दिवस मीही पुराच्या गाळात वाकलो. माझ्या रांगा वाकड्या जायच्या. बाई हसायच्या आणि मागून येऊन पुन्हा रोवायच्या.

धान उशिरा आला, नेहमीपेक्षा कमी आला, पण आला.

त्यानंतर कितीतरी पूर पाहिले. आता गावात गेलो की आधी खाली बसतो आणि काय हवं ते विचारतो. एका गावानं फक्त गुरं बांधायला उंच जागा मागितली होती.