खोकं काढून आणा

सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर नागपूरहून हमीदची बायको, शमीमभाभी बोलल्या. रडणं नाही, प्रस्तावना नाही. "मास्तरभाऊ, गाडी घेऊन या. आन् ते खोकं काढून आना." हमीद गेला हे मला असं कळलं. खोकं असताना तो त्या गाडीत कधी सरळ मावला नव्हता, आणि आता त्याला पाय दुमडायला सांगण्यात अर्थ नव्हता.

हमीद चंद्रपूरच्या बाजारातला भांडीवाला. आम्ही दोघांनी मिळून एक जुनी व्हॅन घेतली होती. आठवडाभर ती त्याची, पोंभुर्ण्यापर्यंतच्या आठवडी बाजारांत स्टीलची भांडी घेऊन फिरायची. रविवारी आमची. जंगलाच्या कडेला तलावापाशी लावायची, तिथंच रांधायचं, तिथंच झोपायचं. म्हणजे आत भांडीही मावली पाहिजेत आणि माणसंही. मी शाळेत भूमिती शिकवतो, तेव्हा नकाशा मीच काढणार हे उघड होतं. मागच्या सीट काढून लांबीला फळ्या टाकायच्या, खाली भांडी, वर आम्ही. बाजारात त्याच फळ्या बाहेर काढून दुकान मांडायचं. इथपर्यंत भांडण नव्हतं. भांडण झालं ते स्टोव्ह, पाण्याचा कॅन आणि डबे ठेवायच्या प्लायवूडच्या खोक्यावरून. हमीद म्हणे, टपावर बांधू. मी म्हणे, माकडं साखर नेतील. खोकं ड्रायव्हरच्या सीटमागे, आत. मग फळ्या किती लांब लागतील ते पाहायला मी स्वतः अंगणात आडवा झालो, सुताराकडून भोवती खडूनं रेघ मारून घेतली आणि त्या रेघेवर फळ्या कापायला लावल्या. हमीद तेव्हा नमाजला गेला होता. परत आला, रेघेकडे पाहिलं.

"मास्तर, हे माप कोनाचं हाये बे? तुह्या शाळेतल्या पोट्ट्याचं?"

मी पाच फूट दोन इंच. तो सहाच्या वर.

पहिल्या मुक्कामाला तो गुडघे पोटाशी घेऊन झोपला. सकाळी म्हणाला, "मायच्या पोटात यापेक्षा जागा होती." त्यात खोक्याचं झाकण आमच्या पायांवरच उघडायचं. चहा करायचा तर आधी त्याला उठवायचं... "हमीद, पाय काढ." तो चिडायचा. "चहा तुले पाहिजे आन् उठा मले लागते? काऊन? काढ ना ते खोकं!" माझं उत्तर ठरलेलं, पक्कं बसवलंय, काढलं तर पत्रा फाटेल. खरं म्हणजे नकाशा चुकला हे कबूल करण्यापेक्षा मला त्याचे गुडघे स्वस्त वाटत होते.

मग त्याची छाती दुखायला लागली. नागपूरला दाखवायचं ठरलं. मी गाडी धुऊन तयार ठेवली, तर हे नवराबायको थेट स्टेशनवर. मी धावत त्यांना गाठलं. "तुह्या गाडीत पाय दुमडले का दम लागते मले," हमीद म्हणाला. "त्याच्यापेक्षा रेल्वेत उभा राहून जातो."

"मेलास तर याच गाडीतून आणीन."

आमची गंमत अशीच असायची. रेल्वे हलली, तो दारातून ओरडला, "तवा तरी खोकं काढजो!" डब्यातली माणसं हसली. भाभी हसल्या नाहीत.

त्या सकाळी फोन ठेवून मी पाना घेतला. बोल्ट फिरले आणि खोकं हातात आलं. चहाला उकळी यायलाही याहून जास्त वेळ लागतो. फळ्या जिथं संपत होत्या तिथं हमीदचीच पातेली उपडी घातली, वर सतरंजी अंथरली आणि निघालो.

परतताना तो मागे सरळ झोपला होता, त्या गाडीत पहिल्यांदा. खड्डा आला की त्याच्या पायांखालची पातेली वाजायची. भाभी माझ्या शेजारी. वरोरा आलं. मग त्यांनी मागे वळून पाहिलं.

"भाऊ, निंगालं ना खोकं?"

"हो, भाभी."

"पत्रा फाटला का?"

मी गिअर बदलला.

हमीदच्या चाळिसाव्या दिवसानंतर गाडीचं काय करायचं ते विचारायला गेलो. "ठेवा तुमीच," भाभी म्हणाल्या. "आन् खोकं लावून घ्या परत. आता कोनाचे पाय अडून राह्यले?" खोकं लावलेलं नाही. अंगणात पडून आहे, शेजाऱ्यांची कोंबडी त्यात अंडी घालते.

गेल्या रविवारी एकटाच तलावापाशी गेलो. पातेली अजून तशीच उपडी आहेत. दुपारी आडवा झालो, पाय ताणून पाहिले. टाचा फळीच्या कडेशी येऊन थांबतात, पातेल्यांपर्यंत पोचत नाहीत. डोळा लागला असावा. जाग आली ती चहाच्या तलफेनं. स्टोव्ह खोक्यात, खोकं घरी... हे ध्यानात यायच्या आत तोंडून निघून गेलं होतं, "हमीद, पाय काढ."