जीभ-वर सिस्टर

माझ्या सासूबाईंनी अठरा वर्षं एका खिडकीत बसून लोकांच्या जिभा पाहिल्या.

व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. अफूच्या जातीच्या औषधांची सवय जडलेली माणसं तिथे रोज सकाळी यायची. कुणाला गर्दच्या पुडीची सवय, कुणाला ऑपरेशननंतर सुरू झालेल्या वेदनेच्या गोळ्यांची. त्यांना उपचाराची एक गोळी मिळायची. ती जिभेखाली विरघळली की दिवसभर अंग मोडत नाही, जीव तळमळत नाही, माणूस कामाला जाऊ शकतो. पण गोळी घरी न्यायची परवानगी नव्हती. कुणी ती गालात दडवून बाहेर विकू नये म्हणून आईंच्या डोळ्यांदेखत विरघळली पाहिजे. "जीभ वर," आई म्हणायच्या. एवढंच. म्हणून त्यांचं नाव पडलं जीभ-वर सिस्टर. आपल्याला हे नाव मुळीच आवडत नाही असं त्या सांगायच्या, आणि फोन उचलला की स्वतःच म्हणायच्या, "हां, जीभ-वर बोलतेय."

एकदा एका निवृत्त मास्तरीणबाईंनी गोळी कवळीखाली लपवली. त्या दिवसापासून आई कवळीही काढायला लावायच्या. "रुग्णावर माया करावी," त्या मला म्हणायच्या, "त्याच्या गालावर विश्वास ठेवू नये."

मग साथ आली. रस्ते ओस पडले, बस बंद झाल्या. आईंच्या वहीत त्रेचाळीस माणसं होती, त्यातली निम्मी लांबून येणारी. डॉक्टरांनी खटपट करून वरून परवानगी आणली: चौदा दिवसांच्या गोळ्या एकदम घरी द्यायच्या.

आई घरी आल्या त्या धुमसतच. "मांजराला दुधाची राखण! चौदा दिवसांचं दूध!"

"मग डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, सिस्टर, रोज या म्हटलं तर हे येणार नाहीत. अंग मोडायला लागलं की कोपऱ्यावर मिळेल ते घेतील आणि मरतील. आता यावर काय बोलायचं?"

पण हातावर हात ठेवून बसतील तर त्या आई कसल्या! दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला व्हिडिओ कॉल शिकवायला बसवलं. तीन दिवस त्या फक्त स्वतःचं कपाळ दाखवत होत्या. चौथ्या दिवसापासून आमचं स्वयंपाकघर दवाखाना झालं. सकाळी आठ ते अकरा ओट्यावर फोन टेकवलेला, शेजारी वही, आणि मी मागे भांडी घासतेय ती आवाज न करता.

आठवड्याभरात मला एक गंमत दिसायला लागली. जीभ तपासून झाली तरी आई फोन ठेवत नव्हत्या. "मागे ते काय टांगलंय? तूच विणलंस?" "खिडकी उघड की जरा, कोंदट दिसतंय." मास्तरीणबाई तर कवळी हातात घेऊनच कॉल लावायच्या आणि मग अर्धा तास आपल्या मांजरीची गाऱ्हाणी सांगायच्या. एकदा चहा ओतता ओतता आई म्हणाल्या, "अठरा वर्षं मी यांची तोंडं आतून बघितली गं. घरं आत्ता बघतेय."

वहीत एक रंगारी होता. परांचीवरून पडला, पाठीचा मणका दुखावला, वेदनेच्या गोळ्या सुरू झाल्या त्या सुटल्याच नाहीत. चार वर्षं आईंकडे येत होता, एक दिवस चुकवला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात आईंनी त्याच्याकडे फोनमधून निरखून पाहिलं.

"गोळी अख्खी घेतोस ना?"

"हो की, सिस्टर."

"मग डोळे का गळतायत? जांभयाही देतोयस."

"कांदा चिरतोय."

"दाखव."

"काय?"

"कांदा दाखव."

तिकडून फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी त्याने उचललाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आईंनी दवाखान्याचं ओळखपत्र गळ्यात अडकवलं आणि मला म्हणाल्या, "स्कूटर काढ." वाटेत दोन ठिकाणी अडवलं. दुसऱ्या नाक्यावरचा शिपाई विचारत होता, काम काय? आई म्हणाल्या, "कांदा बघायला चाललेय." त्याने आमच्याकडे बघितलं आणि सोडून दिलं.

रंगारी एका बंद सलूनच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचा. दार उघडून तो बाजूला उभा राहिला, चेहरा ओढलेला. भिंतीवर निरनिराळ्या रंगांचे हातभर पट्टे मारलेले. आत खाटेवर पांघरूण घेऊन एक बाई बसली होती. त्याची धाकटी बहीण. कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीवर असायची; दिवसभर उभं राहून पाठ धरली, आणि तिलाही वेदनेच्या गोळ्यांची सवय जडली.

"अर्धी तिला देतोस," आई दारातूनच म्हणाल्या. हा प्रश्न नव्हताच.

"हो."

"अरे, अर्ध्या गोळीत तुझंही भागत नाही आणि तिचंही नाही! दोघंही अर्धवट तळमळणार आणि एक दिवस दोघंही बाहेरचं घेणार. चार वर्षं पाण्यात घालायची होती? आणि फोन का उचलत नव्हतास?"

"तुमच्याशी खोटं बोलायचं जिवावर आलं, सिस्टर. कांद्याचं एकदा बोललो, तेवढं बास झालं."

आईंचा आवाज चढलेलाच होता. "आणि ही? हिला माझ्याकडे आणायचं सुचलं नाही?"

तेव्हा बहीण पहिल्यांदा बोलली. आवाज बारीक, पण सरळ. "आले होते मी. चालत. खिडकीवर कागद होता, 'नवीन रुग्ण घेणे बंद आहे.' वाचला आणि परत आले."

तो कागद आईंनीच लिहिला होता, ठळक अक्षरात, आणि चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून. नियमच तसा आला होता. त्या खाटेच्या कडेला बसल्या, गुडघे चोळत.

"किती लांब आहे गं इथून दवाखाना?"

"दीड तास."

"पाठदुखी असताना?"

बहिणीने नुसती मान हलवली.

तिथून आम्ही थेट डॉक्टरांकडे गेलो. ते दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये उभ्या-उभ्या चहा पीत होते. आईंनी सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, रंगाऱ्याला अख्खी गोळी चालू ठेवू, पण नवीन माणूस तपासल्याशिवाय सुरू करता येत नाही. पहिली गोळी चुकीच्या वेळी, म्हणजे बाहेरची नशा अंगात असताना, दिली तर उलटाच त्रास होतो. आणि आत कुणाला घ्यायचं नाही."

"आत कोण म्हणतंय? हे शेड बाहेरच आहे ना?"

"गर्दी झाली तर?"

"एक खुर्ची, एक माणूस. त्याला गर्दी म्हणत असतील तर मी एकटीसुद्धा गर्दीच आहे."

डॉक्टर हसले, मग विचारात पडले. दोन दिवस त्यांनी फोनवर फोन केले. मंगळवारी शेडमध्ये सहा हात अंतरावर दोन खुर्च्या मांडल्या गेल्या, आणि आईंनी खिडकीवरचा कागद स्वतः नखांनी खरवडून काढला. रुग्णवाहिकेच्या चालकाने बहिणीला आणलं. डॉक्टरांनी तपासलं, पहिली गोळी दिली, आणि आई दोन तास तिच्यासमोर बसून राहिल्या. दुपारी ती म्हणाली, "भूक लागलीय." आईंनी आपला डबा उघडून तिच्याकडे सरकवला.

त्या वर्षात शेडमधल्या खुर्चीवर एकोणीस नवीन माणसं बसली. सगळ्यांचं भलं झालं असं म्हणता येणार नाही. तिघं मधेच यायचे बंद झाले. एक ट्रकवाला तर फोनवर रोज हसवायचा. त्याच्या बायकोने एका सकाळी फोन उचलला आणि नुसती रडली. आईंनी त्या दिवशी बाकीचे सगळे कॉल केले, एकही चुकवला नाही, आणि मग दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडल्या.

साथ ओसरल्यावर, उपचार नीट चाललेल्या लोकांना गोळ्या घरी न्यायची मुभा तशीच राहिली. दवाखान्याच्या बैठकीत त्यासाठी सगळ्यात जास्त भांडल्या त्या आमच्या आई. कुणीतरी म्हणालं, सिस्टर, तुम्हीच तर विरोधात होतात. "होते," आई म्हणाल्या. "चुकले होते. पुढचं बोला."

आता त्या निवृत्त झाल्यात. बहीण पुन्हा इस्त्रीवर जाते आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे डोकावते. मागे ती आलेली असताना शेजारच्या काकू बसल्या होत्या. काकूंचा स्वभाव वाईट नाही, पण तोंडाला दार नाही.

"एवढी वर्षं झाली," त्या बहिणीला म्हणाल्या, "तुझी ती गोळी अजून सुटली नाही का गं?"

बहिणीचा चेहरा उतरला. आई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काकू, तुमचा चष्मा सुटला का हो?"

काकूंनी नकळत चष्म्याला हात लावला. सगळ्यात आधी हसली ती बहीणच, इतकी की तिला ठसका लागला, आणि मला पाणी आणायला उठावं लागलं.